व्यवसायोपचार

शारीरिक वा मानसिक विकारामुळे दैनंदिन कामे करण्याची क्षमता उणावलेल्या व्यक्तीस, हेतुपूर्वक निवडलेल्या कृतींच्या द्वारे पुन्हा कार्यक्षम करण्याची उपचारपद्धती. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ उपजीविकेचा धंदा नव्हे, तर माणसास गुंतवून ठेवणारी कोणतीही अर्थपूर्ण कृती होय. विणकाम, सुतारकाम, मातीकाम, चित्रकला इत्यादींचा तीत उपयोग करतात. तयार होणाऱ्या वस्तूपेक्षा ती करताना साधणाऱ्या हालचाली, एकाग्रता व आत्मविश्वास यांना अधिक महत्त्व असते.

हातकामाचे पुनर्वसनातील मोल वऱ्हाडात विशेष परिचित आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन ही वसाहत स्थापन केली व उद्योगांद्वारे त्यांच्या स्वावलंबनावर भर दिला. तथापि अशा रुग्णाच्या हाती अवजार देणे हे तज्ञाचे काम आहे. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा झाल्यास स्पर्श, उष्णता व वेदना यांची जाणीव नाहीशी होते. त्यामुळे खुरपे वा रंधा अनावश्यक जोराने धरला जातो. उठलेला फोड लक्षात येत नाही आणि दुर्लक्षित जखमेतून पुढे बोटही गमवावे लागते. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी झालेले ओरखडेही जाणवत नाहीत. म्हणून अवजारांच्या मुठी जाड व मऊ करणे, काम आलटूनपालटून देणे आणि तळहात रोज डोळ्यांनी तपासण्याची सवय लावणे, हा उपचाराचाच भाग होय.

भारतात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ञ संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली. विदर्भात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पदवी शिक्षणाची सोय आहे. अमरावती व अकोला येथील विद्यार्थ्यांना ते जवळचे केंद्र होय. अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, रुग्णपरीक्षण व साधननिर्मिती यांचा समावेश असून अखेरीस आंतरवासिता करावी लागते.

कलोपचार ही निकटची, परंतु स्वतंत्र शाखा होय. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये ही संज्ञा रूढ केली. तीत चित्र वा शिल्प हे प्रामुख्याने भावना व्यक्त करण्याचे साधन असते. ब्रिटनमध्ये त्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण व व्यावसायिक नोंदणी आवश्यक असते. केवळ कलाकौशल्य दोन्ही शाखांत अपुरे ठरते. रुग्णाची शक्ती व मर्यादा ओळखून कृतीची निवड करणे, हेच या प्रशिक्षणाचे सार होय.