अर्ध्या इंचाचा घोळ

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून आलेल्या पुतण्याने काकूसाठी न्हाणीघरात लावायला एक चकचकीत शॉवर आणला. भिंतीतून बाहेर येणाऱ्या वाकड्या नळीसकट सगळा सरंजाम होता. आमच्या नेहमीच्या प्लंबरने खोक्यावरचा 'अर्धा इंच' वाचला. भिंतीतला सॉकेटही अर्ध्या इंचाचाच. त्याने निर्धास्तपणे टेप गुंडाळून नळी फिरवायला घेतली. तीन वेढ्यांनंतर नळी अडली. पान्याने अर्धा वेढा आणखी रेटला, पाणी सोडले, आणि नळीच्या मुळाशी थेंब जमू लागला. टेप वाढवली तरी थेंब आहेच. "काका, माल डुप्लिकेट दिसतोय," असा त्याने निकाल दिला.

माल अस्सल होता. उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यामुळे तो थेंब माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मुळात अर्ध्या इंचाच्या नळात अर्धा इंच कुठेच सापडत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्या घरातला लोखंडी अर्धा इंची नळ बाहेरून मोजला तर सुमारे २१ मिलिमीटर भरतो आणि आतून सुमारे १६. जुन्या काळी नळ जाड पत्र्याचे असत, तेव्हा आतले भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असे. पुढे पत्रा पातळ झाला, नाव तेवढे राहिले. घरातल्या बाळ्याचा आजोबा झाला तरी त्याला बाळ्याच म्हणतात, तसेच हे.

नळाच्या टोकावर जे आटे पाडलेले असतात त्यांची गोष्ट आणखी मजेची आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एखादा बोल्ट हरवला तर तो ज्याने घडवला त्याच्याच दारात जावे लागे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि १८४१ साली सर्वांसाठी एक मधले माप सुचवले. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाच्या वेळी आरमाराला गनबोटींसाठी घाईने इंजिने हवी होती. जॉन पेन याने निरनिराळ्या कारखान्यांकडून सुटे भाग करवून घेऊन ९० दिवसांत ९० इंजिने उभी केली असे सांगतात. सर्वांचे आटे एक झाले नसते तर हे जमले नसते.

अमेरिकेत मात्र १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. त्याचे म्हणणे असे की, गोल माथा घडवायला निष्णात कारागीर लागतो, सपाट माथा साधा माणूसही घडवू शकेल. म्हणणे रास्तच होते. पण तेव्हापासून जगाच्या नळांची दोन घराणी झाली. ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. आपल्या भारतीय मानकातही नळांना ब्रिटिशांचेच ५५ अंश आहेत.

बहुतेक मापांत ही घराणी लगेच ओळखू येतात. पाव इंची नळाला इंचामागे ब्रिटिश १९ आटे, अमेरिकन १८. एक इंचीला ब्रिटिश ११, अमेरिकन साडेअकरा. एक-दोन वेढ्यांतच हाताला कळते. पण अर्धा इंची आणि पाऊण इंची या दोन मापांत दोघांचेही आटे इंचामागे नेमके १४ आहेत. फरक फक्त कोनाचा आणि जाडीतल्या केसभराचा. अर्धा इंचीत अमेरिकन नळ जेमतेम ०.४ मिलिमीटरने जाड. म्हणून तो ब्रिटिश सॉकेटात शिरतो, फिरतो, घट्टही बसतो, पण आट्यांची अंगे एकमेकांना पुरती टेकत नाहीत. जो मुळीच बसत नाही तो बरा. हा बसल्यासारखा वाटतो, हीच खरी गोम.

मी चौथा इंजिनियर असताना आमचे जहाज जपानी बांधणीचे होते. जपान्यांनीही नळांना ५५ अंशच घेतलेले. इंधनाच्या नळावरचा एक दाबमापक बदलायचा होता. नवा मापक अमेरिकेतल्या बंदरात चढवलेल्या सामानातून आला होता. मी तो फिरवत असताना आमचे फिटर मामा मागे येऊन उभे राहिले. रत्नागिरीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे.

"साहेब, हाताने किती आटे गेले?"

"तीन."

"मग पाना लावू नका. काढा."

मला राग आला. नुकतेच प्रशस्तिपत्रक मिळवलेल्या तरुणाला येतो तसा. मामांनी खिशातून थ्रेड गेज काढला. दातेरी पात्यांचा जुडगा असतो तो. ५५ अंशांचे चौदाचे पाते मापकाच्या आट्यांवर ठेवून दिव्यासमोर धरले. दात सगळे खाचांत गेले होते, पण मधून उजेडाची रेघ दिसत होती. मग ६० अंशांचे पाते ठेवले. उजेड बंद झाला.

जहाजावरचे जाड इंधन तेल पातळ व्हावे म्हणून सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवलेले आणि दाबाखाली असते. त्याची बारीक चिळकांडी तापलेल्या एक्झॉस्टवर पडली की इंजिनरूम पेटायला वेळ लागत नाही. २२० अंशांच्या वर तापणारा प्रत्येक भाग झाकलेला असावा, असा नियम त्याचसाठी आहे. घरी थेंब पडला की बादली ठेवता येते. भर समुद्रात ती सोय नाही.

मामांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात ओळख पटलेल्या निपलांचे नमुने, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. नवे सामान आले की आधी त्या डब्याशी गाठ. जहाज बांधणारा एक देश, इंजिन दुसऱ्याचे, पंप तिसऱ्याचे आणि दुरुस्ती दहा बंदरांतली, मग दुसरे काय करणार? मोठ्या नळांना आट्यांऐवजी फ्लँज असतात. तिथेही हेच. १०० मिलिमीटरच्या नळाला जपानी १०-के फ्लँजच्या बोल्टांचे वर्तुळ १७५ मिलिमीटरचे, युरोपियन पीएन-१६ चे १८० चे. भोके दोन्हीकडे आठच! पाच मिलिमीटरसाठी भोके कानशीने लांबट केलेली मी किती जहाजांवर पाहिली आहेत.

न जुळण्याची मोठी किंमत आगीच्या वेळी मोजावी लागते. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले बाल्टिमोर शहर पेटले तेव्हा शेजारच्या शहरांतून आगगाडीने बंब धावून आले. पण अनेकांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटना बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' हे फ्रेंच आलिशान जहाज पेटले. सैनिक नेण्यासाठी त्यात बदल चालू होते आणि जहाजावरची अग्निशमन यंत्रणा बंद होती. शहराच्या बंबांच्या नळ्या फ्रेंच जोडण्यांना बसल्या नाहीत. जहाज त्या एकाच कारणाने गेले असे नव्हे. बाहेरून मारलेल्या पाण्याच्या भाराने ते दुसऱ्या दिवशी पहाटे कुशीवर आडवे झाले.

आज ५०० टनांवरच्या प्रत्येक व्यापारी जहाजावर 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक ठराविक फ्लँज ठेवावा लागतो. बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतले भोक ६४, चार बोल्ट १३२ मिलिमीटरच्या वर्तुळावर. बोल्टांच्या खाचा कडेपर्यंत उघड्या, म्हणजे अंधारात, धुरातही बोल्ट बाजूने सरकवता येतो. एका बाजूला हा फ्लँज, दुसऱ्या बाजूला जहाजाची स्वतःची जोडणी. मग किनारा मुंबईचा असो की रॉटरडॅमचा, पाणी मिळते. सोबतचे चार बोल्ट मात्र कुणीतरी भलत्याच कामाला नेलेले असतात! मामा दर शनिवारी ते मोजून ग्रीस लावून ठेवीत.

पुतण्याच्या शॉवरसाठी मी नागदेवी स्ट्रीटला जाऊन एक पितळी ॲडॉप्टर शोधला. एका टोकाला अमेरिकन आटे, दुसऱ्या टोकाला आपले. दुकानदाराने तो कागदात गुंडाळत विचारले, "कुठल्या जहाजासाठी?"

"न्हाणीघरासाठी," मी म्हटले.