ट्रॅकपँटीची वाकळ

शाळेच्या ट्रॅकपँटी फाटत नाहीत. पोरं वाढतात, पँटी आखूड होतात आणि तशाच धडधाकट गाठोड्यात जातात. आमच्या निरवांगी गावात माझ्याकडे वाकळ शिवायला गाठोडं आलं, की त्यात निम्मा माल असलाच निघतो. ट्रॅकपँटी, क्रिकेटचे टी-शर्ट, लेगिंग्ज. लुगडी-धोतरं जवळजवळ संपलीच. सुती जुनेर मिळत नाही म्हणून म्हाताऱ्या हळहळतात. मी नाही हळहळत. पण ह्या कापडाला सुतासारखं वागवायला गेलं तर ते ऐकत नाही.

‘काकी, ह्याची होईल का वाकळ?’ असं विचारत कुणी कापड पुढं केलं, की मी आधी त्याचा एक धागा ओढून काडीवर धरते. सूत असेल तर भुरूभुरू जळतं, कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटानं चुरगाळलं तर मऊ राख होते. ट्रॅकपँटीचं पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. तो मणी नखानं फुटत नाही. बऱ्याच कपड्यांत दोन्ही मिसळलेलं असतं. मग थोडी राख, थोडा खडा.

पॉलिएस्टर निघतं खनिज तेलापासून. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी ते शोधलं आणि टेरिलीन या नावानं ते बाजारात आलं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते पाणी पीत नाही. कापूस नुसत्या हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नीरा नदीवर नाहीतर कालव्यावर धुवायला निघतं, तेव्हा हा फरक मनगटांना कळतो. भिजलेली सुती वाकळ पिळायला दोघी लागतात. पॉलिएस्टरची एकटीनं उचलून तारेवर टाकायची. रंगही सहसा जात नाही, कारण तो कारखान्यात कढत पाण्यात, दाबाखाली धाग्याच्या आत बसवलेला असतो.

पण पाणी पीत नाही म्हणजे घामही पीत नाही. म्हणून अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवायची, ह्यात मी तडजोड करत नाही. बाळाच्या दुपट्याला तर हे कापड लावतच नाही. आणि चुलीपाशी झोपणाऱ्यांनाही नको म्हणते. सुतावर ठिणगी पडली तर भोक पडतं. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

शिवताना खरी गंमत ताणाची. धोतराचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं. हे स्वेटरसारखं, फाशात फासा अडकवून विणलेलं. त्यामुळं कापलं तरी कडेनं दशा सुटत नाहीत, कडा दुमडायचं काम वाचतं; पण ओढाल तिकडं ते जातं. टी-शर्टाचं एकेरी कापड कापल्याबरोबर कडेला गुंडाळी करतं. ट्रॅकपँटीचं जाड कापड बहुधा दुहेरी विणीचं, म्हणजे सुयांच्या दोन रांगांवर एकदम विणलेलं असतं, ते सपाट पडून राहतं. वाकळीला तेच चांगलं.

प्रत्येक तुकडा मी दोन्ही अंगांनी ओढून बघते. ज्या अंगानं जास्त ताणतो, ते अंग वाकळीच्या रुंदीला. एखादा तुकडा उलटा लागला तर वाळत घातलेली वाकळ तेवढ्याच जागी लोंबते. मग खाली सुती साडी अंथरायची, मध्ये जुनेर घालायचं, कडेकडेनं टाचायचं आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं. दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा. मशीनवर जोडायचं असेल तर गोल टोकाची सुई लागते. अणकुचीदार सुई फासा तोडते आणि तिथून भोक वाढत जातं. इस्त्री कोमट, जास्त तापली की कापडाला चकाकी येते, ती पुन्हा जात नाही.

अमेरिकेत १९७०च्या दशकात ह्याच दुहेरी विणीच्या कापडाच्या सुटांची मोठी फॅशन होती. ती ओसरल्यावर तिथल्या बायकांनी त्या न फाटणाऱ्या सुटांच्या गोधड्या केल्या. भडक नारिंगी, पोपटी, जांभळा. आमच्याकडच्या शाळांचे रंग पाहिले तर आम्हीही त्याच वाटेवर आहोत.

पूर्वी वाकळीचं वरचं लुगडं विरायचं आणि त्यावर नवं चढायचं. आतले थर आजीच्या वेळचे, वरचा सुनेच्या. आता उलटं झालंय. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाकळींची वरची ट्रॅकपँट जशीच्या तशी असते आणि आतल्या सुताचे गोळे झालेले असतात. म्हणून हल्ली एक बाजू मी लांब टाक्यांनीच बंद करते, जाड सुती दोऱ्यानं. तो दोरा आणि मधला धावदोरा उसवला की आतलं काढून नवं जुनेर घालता येतं. फक्त ते जुनेर गिऱ्हाइकानं आणायचं, असं आधीच सांगून ठेवते.