रविवारच्या पहाटेची भाकर

वसई परिसरात राहणाऱ्या वाचकांना रविवारची सकाळ चांगली ओळखीची आहे. चर्चची घंटा वाजते आणि ठेवणीतले कपडे घातलेली कुटुंबे, लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत, चर्चची वाट धरतात. तिथे प्रार्थना होते, धर्मग्रंथाचे वाचन होते आणि शेवटी भाकरीचा लहानसा तुकडा दिला जातो. कॅथलिक लोक या उपासनेला मिस्सा म्हणतात, मराठी प्रोटेस्टंट बांधव प्रभुभोजन म्हणतात. वर्षानुवर्षे शेजारी राहूनही, हे लोक रविवारीच का जमतात आणि भाकरीसाठी का जमतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी विचारले असेल.

हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्याविषयी आपली श्रद्धा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांत मोठा फरक आहे. आपण त्यांना अल्लाहचे पैगंबर मानतो. ख्रिस्ती लोक त्यांना देवाचा पुत्र मानतात आणि त्यांच्या क्रुसावरील मृत्यूवर विश्वास ठेवतात. हा फरक कायम ठेवूनही शेजाऱ्याची गोष्ट नीट समजून घेता येते.

शेवटचे जेवण

ख्रिस्ती परंपरेनुसार इ.स. ३० च्या सुमारास, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, हजरत ईसा जेरुसलेममध्ये आपल्या शिष्यांसोबत शेवटचे जेवले. ज्यूंच्या घरी जेवणापूर्वी भाकर हातात घेऊन देवाचे आभार मानण्याची रीत होती. त्या रात्रीही भाकर मोडून वाटली गेली, प्याला फिरवला गेला आणि 'माझ्या आठवणीसाठी हे करीत जा' अशा अर्थाची सूचना शिष्यांना मिळाली. त्या भागात पाणी घातलेला द्राक्षारस हे जेवणातले नेहमीचे पेय होते. या विधीचे एक जुने ग्रीक नाव 'युखरिस्त' आहे. त्याचा साधा अर्थ आभार मानणे, शुक्र अदा करणे.

कुरआनच्या पाचव्या सूरहचे नाव अल-माइदा, म्हणजे वाढलेले दस्तरख्वान. हवारींनी आकाशातून दस्तरख्वान उतरावे अशी विनंती केली आणि हजरत ईसा यांनी ते पहिल्यांसाठी व नंतरच्यांसाठी ईद ठरावे अशी दुआ केली, हा प्रसंग तिथे येतो. 'ईद' हा शब्द संपूर्ण कुरआनात याच एका ठिकाणी आला आहे. हा प्रसंग आणि ख्रिस्ती परंपरेतले शेवटचे जेवण यांचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे, पण कुरआनने तसे म्हटलेले नाही.

करिंथमधले भरलेले आणि रिकामे पोट

या सामूहिक जेवणाविषयीचा सर्वांत जुना लेख म्हणजे पौल याने ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या जमातीला लिहिलेले पत्र. ते इ.स. ५५ च्या आसपासचे आहे आणि त्यात तक्रारीचा सूर आहे.

तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. एखाद्या बऱ्या परिस्थितीतल्या माणसाच्या घरी सर्व जमत आणि पोटभर जेवणातच हा विधी होई. श्रीमंत लवकर येत, आपले आणलेले खाऊन-पिऊन घेत. दिवसभर राबून येणाऱ्या गरिबांसाठी काही उरत नसे. एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो, हे पाहून पौल संतापला. खायला-प्यायला तुम्हाला घरे नाहीत काय, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे त्याने विचारले. एकमेकांसाठी थांबा, मग जेवा, असे त्याने बजावले. ज्या भाकरीने सर्वांना एक करायचे, तीच माणसांत भेद करू लागली तर जमण्यात काही अर्थ उरत नाही, हा त्याचा मुद्दा होता.

'दिदाखे' म्हणजे शिकवण नावाचे एक छोटे जुने पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये इस्तंबूलमध्ये सापडली. पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या या पुस्तकात, ज्यांचे आपसात भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत या जेवणाला येऊ नये, असा नियम आहे. डोंगरांवर विखुरलेले धान्य गोळा होऊन एक भाकर बनते, तशी आपली जमात एक होवो, अशा अर्थाची प्रार्थनाही त्यात आहे.

रविवारच का?

ज्यूंचा पवित्र दिवस शनिवार. सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतः ज्यूच होते. पण हजरत ईसा आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा जिवंत झाले, अशी त्यांची श्रद्धा असल्याने भाकर मोडण्यासाठी तो दिवस निवडला गेला. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्रोवस गावची अशीच एक बैठक आहे. आठवड्याचा पहिला दिवस, माडीवर बरेच दिवे लागलेले, आणि पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबलेले. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. सगळे घाबरले, पण तो जिवंत उठला, असे पुस्तक सांगते. मग भाकर मोडली गेली आणि पहाटेपर्यंत बोलणे चालले.

आज रविवार सुट्टीचा असल्याने या जमण्याचे कष्ट लक्षात येत नाहीत. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचाच दिवस होता. सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी सुट्टीचा कायदा केला तो ३२१ मध्ये. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे गुलाम, मजूर आणि कारागीर यांना कामाआधी किंवा कामानंतर वेळ काढावा लागे.

पहाटेची वेळ

इ.स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या भागाचा, राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोकांची चौकशी करताना त्याला कळले ते असे: हे लोक ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, स्तुतिगीत म्हणतात, चोरी व व्यभिचार करणार नाही आणि दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. मग पांगतात आणि नंतर पुन्हा जमून साधे, निरुपद्रवी अन्न खातात. अधिक माहितीसाठी त्याने सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळही केला. हाती काही गुन्हा लागला नाही.

लोकांनी एकत्र येण्याचीच ट्राजनला भीती वाटत असे. निकोमेदिया शहरात मोठी आग लागल्यावर प्लिनीने दीडशे जणांचे अग्निशमन पथक नेमण्याची परवानगी मागितली, तर अशा संघटना पुढे राजकारण करतात म्हणून सम्राटाने तीही नाकारली. संघटनांवर बंदी आल्यावर आपण एकत्र जेवणे सोडले, असे काही ख्रिस्ती लोकांनी प्लिनीला सांगितले. हळूहळू भाकरीचा विधी सायंकाळच्या भरपेट जेवणापासून वेगळा होऊन सकाळच्या प्रार्थनेला जोडला गेला. त्यामागे अशा बंदीचाही हात असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

दार बंद करून जमणाऱ्यांविषयी अफवा उठतातच. 'शरीर' आणि 'रक्त' हे विधीतले शब्द अर्धवट ऐकून, हे लोक माणूस खातात, अशी कंडी पिकली. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या विद्वानाने, जो मूळचा पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लुसचा, रोममधून सम्राटाला उद्देशून ग्रंथ लिहिला आणि आत काय चालते ते उघड सांगून टाकले. सूर्याच्या दिवशी शहरातले व खेड्यातले लोक एका जागी जमतात. वेळ असेल तितके ग्रंथवाचन होते. प्रमुख उपदेश करतो, सर्व उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, आभार मानून ते वाटले जाते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी त्यांचा वाटा पोचवला जातो. ऐपत असलेले स्वखुशीने पैसे देतात. ते प्रमुखाकडे जमा होतात आणि त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी पाहुण्यांची काळजी घेतली जाते.

एवढे स्पष्ट लिहूनही सुमारे १६५ मध्ये जस्टिनला रोममध्ये मृत्युदंड झाला.

जमल्याशिवाय राहता येत नाही

३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचे आणि सभा बंद करण्याचे फर्मान काढले. पुढच्याच वर्षी आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावी एका घरात रविवारची उपासना चालू असताना ४९ स्त्री-पुरुष पकडले गेले. कार्थेजमध्ये त्यांची चौकशी झाली. बंदी असताना या लोकांना आपल्या घरात का घेतलेस, असे एमेरितुस नावाच्या माणसाला विचारले गेले. ते माझे भाऊ आहेत, त्यांना मी अडवू शकत नाही, आणि रविवारच्या या भोजनाशिवाय आम्ही जगू शकत नाही, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. छळ होऊनही त्या लोकांनी माघार घेतली नाही.

हा विधी आपला नाही. पण त्यामागची धडपड आपल्याला परकी वाटू नये. पहाटेच्या अंधारात उठून, कामावर जाण्यापूर्वी, खांद्याला खांदा लावून उभे राहणे काय असते हे फज्रची जमात सोडू न पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आणि करिंथच्या लोकांना विचारलेला प्रश्न आपल्या दस्तरख्वानालाही लागू आहे. आपल्या इफ्तारच्या पंगतीत, वलीम्याच्या जेवणात, ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी आपण थांबतो का? येत्या रविवारी शेजारचे कुटुंब चर्चमधून परतताना दिसेल, तेव्हा त्यांच्याशी दोन शब्द बोलायला आता एक चांगला विषय आपल्या हाती आहे.