चेचेन युद्धविषयक चित्रपट

चेचेन युद्धविषयक चित्रपट : उत्तर कॉकेशसमधील चेचेन लोक व रशियन सैन्य यांच्यात १९९४–९६ व १९९९–२००९ या काळांत झालेल्या दोन युद्धांवर आधारित चित्रपट. यांपैकी बहुतेक रशियात निर्माण झाले असून काही पाश्चात्त्य देशांत तयार झाले. चेचेनांनी स्वतः निर्मिलेले चित्रपट फारच थोडे आहेत. ज्यांच्या गावांत युद्ध झाले ते लोक पडद्यावर प्रायः दुसऱ्याच्या दृष्टीतून दिसतात. या चित्रपटांचे मूल्यमापन करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

या युद्धांमागे जुन्या अन्यायाची स्मृती आहे. स्टालिनच्या आदेशाने फेब्रुवारी १९४४ मध्ये सर्व चेचेन व इंगुश लोकांना मध्य आशियात हद्दपार करण्यात आले आणि १९५७ मध्ये त्यांना परतण्याची मुभा मिळाली. हा विषय पडद्यावर आला तो सोव्हिएट संघाच्या अखेरच्या वर्षांत. सुलाम्बेक मामिलोव्ह या इंगुश दिग्दर्शकाने अनातोली प्रिस्ताव्हकिन यांच्या कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटात (१९८९) चेचेनांच्या ओस पाडलेल्या भूमीत आणलेल्या दोन जुळ्या अनाथ रशियन मुलांची कथा आहे. त्यांतील एकाची हत्या होते आणि वाचलेला मुलगा एका चेचेन मुलालाच भाऊ मानतो. प्रत्यक्ष युद्ध सुरू होण्यापूर्वीच्या या चित्रपटाइतकी समतोल दृष्टी पुढील अनेक चित्रपटांत आढळत नाही.

पहिले युद्ध चालू असतानाच सेर्गेई बद्रोव्ह (ज्येष्ठ) यांचा *कावकाझ्स्की प्लेन्निक* (१९९६, म. शी. कॉकेशसचा बंदिवान) हा चित्रपट प्रदर्शित झाला. ल्येव्ह टॉलस्टॉय यांच्या १८७२ मधील कथेचा त्यास आधार आहे. चित्रीकरण शेजारच्या दागेस्तानमधील डोंगरी गावांत झाले. मूळ कथेत पकडलेल्या रशियन अधिकाऱ्यांसाठी खंडणी मागितली जाते. चित्रपटातील वृद्ध अब्दुल-मुरातला मात्र पैसा नको आहे. रशियनांच्या कैदेतील आपल्या मुलाच्या मोबदल्यात दोन सैनिक देण्याची त्याची तयारी आहे. या एका बदलामुळे कथेचे नैतिक केंद्रच सरकते. टॉलस्टॉयचा नायक अखेर निसटतो. येथे म्हाताऱ्याचा मुलगा गोळीस बळी पडतो, तरी म्हातारा उरलेल्या बंदिवानास जिवंत सोडतो. सुटलेला सैनिक गावाकडे झेपावणारी हेलिकॉप्टरे पाहून ओरडतो, परंतु ती थांबत नाहीत. परभाषिक चित्रपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी या चित्रपटास नामांकन मिळाले होते.

बंदिवानाचे हे सूत्र नंतरही टिकले. मात्र त्याचा अर्थ पालटत गेला. अलेक्सेई बलाबानोव्ह यांच्या *वोइना* (२००२, म. शी. युद्ध) या चित्रपटात ओलिसांचा व्यापार हा विषय आहे. सुटकेची मोहीम कॅमेऱ्यात टिपण्याच्या अटीवर एक इंग्रज पैसा मिळवतो, ही त्यातील कल्पना बोचरी आहे; पण चेचेन व्यक्तिरेखा क्रौर्यापलीकडे क्वचितच जातात. चित्रपट कौशल्याने बांधलेला असल्यामुळे हा दोष अधिकच खटकतो. अलेक्सेई उचितेल यांच्या *प्लेन्नी* (२००८) मध्ये भूमिका उलट होतात : रशियन सैनिकांनी वाटाड्या म्हणून पकडलेला चेचेन तरुण, त्याने ओरडू नये म्हणून, मारला जातो. व्लादीमिर माकानिन यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. अलेक्सांद्र रगोझ्किन यांच्या *ब्लोकपोस्त* (१९९८) मध्ये डोंगरातील एका नाक्यावर नेमलेल्या, केवळ टोपणनावांनी ओळखल्या जाणाऱ्या सैनिकांचे जीवन आहे. अलेक्सांद्र नेव्झोरोव्ह यांचा ग्रोझ्नीतील रुग्णालयाभोवतीच्या लढाईवरील *चिस्तीलिश्चे* (१९९७) हिंसेच्या प्रदर्शनापुढे फारसा जात नाही. आंद्रेई कन्चलोव्हस्की यांच्या *दोम दुराकोव्ह* (२००२) मध्ये इंगुशेतियाच्या सीमेवरील मनोरुग्णालयातील रुग्ण युद्धात सापडतात.

अलेक्सांद्र सकूरोव्ह यांचा *अलेक्सांद्रा* (२००७) या सर्वांहून वेगळा आहे. त्याचे चित्रीकरण चेचन्यातच झाले, तथापि त्यात लढाईचे एकही दृश्य नाही. प्रख्यात गायिका गालिना विश्नेव्हस्काया यांनी साकारलेली आजी नातवाला भेटण्यासाठी लष्करी छावणीत येते, बाजारात जाते, एका चेचेन स्त्रीच्या पडक्या इमारतीतील घरी चहा घेते. दोन वृद्धा फारसे बोलत नाहीत. वाद तर घालतच नाहीत. मात्र आजीला छावणीच्या फाटकातून हवे तेव्हा ये-जा करता येते, चेचेन यजमानीणीला येत नाही, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते.

पाश्चात्त्य चित्रपटांपैकी मिशेल अझानाव्हिस्यूस यांच्या *द सर्च* (२०१४) चे चित्रीकरण जॉर्जियात झाले. त्यापेक्षा अनुबोधपट अधिक मोलाचे होत. फिनिश दिग्दर्शिका पिर्यो होंकासालो यांच्या २००४ मधील अनुबोधपटात क्रोनश्टाटच्या सैनिकी शाळेतील मुले, उद्ध्वस्त ग्रोझ्नीतील मुले आणि इंगुशेतियातील निर्वासित मुले अशा तीन दालनांतून युद्ध दिसते.

कॉकेशसमधीलच दिग्दर्शक हुसेइन एर्केनोव्ह यांच्या *प्रिकाझानो झबीत* (म. शी. विसरण्याचा हुकूम) या चित्रपटात १९४४ च्या हद्दपारीच्या वेळी खैबाख येथे गावकऱ्यांना जाळल्याच्या घटनेचे चित्रण आहे. अशा घटनेस पुरावा नाही, असे कारण देऊन २०१४ मध्ये रशियाच्या संस्कृती मंत्रालयाने त्यास प्रदर्शनाचा परवाना नाकारला. बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्या चेचेन कुटुंबांवरील *बरझख* (२०११) हा अनुबोधपट लिथुएनियाचे मान्तास क्वेदारावीचियुस यांनी काढला. २०२२ मध्ये युक्रेनमधील मारिउपोल येथे युद्धाचे चित्रीकरण करीत असता ते मारले गेले.