भोंगा वाजला की मोबाईल बंद
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ साली रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं. करोनाकाळात ऑनलाईन शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, ही तिथल्या पालकांची आणि शिक्षकांची तक्रार होती.

निर्णय ग्रामसभेत झाला, हे फार मोलाचं. एकट्या आईने फोन काढून घेतला तर मूल रुसतं, शेजारच्याकडे बोट दाखवतं. सगळ्या गावाचाच फोन बंद असला, तर कुरकुरायला जागा उरत नाही. शिवाय मालिका मोठ्यांनाही सोडावी लागते.