झाकणाखालचा धूर

नागपूरच्या धंतोलीतली गाडी लांब धावतच नाही. दवाखान्यात डबा पोचवायचा, पार्किंग शोधत दोन गल्ल्या फिरायच्या, सीताबर्डीला जाऊन घरी. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. अशा गाडीचं ऑइलचं झाकण इंजिन चालू असताना काढलं की थोडा धूर येतो, आणि शेजारी उभा असलेला कुणीतरी सांगून मोकळा होतो, ‘इंजिन गेलं, रिंग-पिस्टन बदला.’

या एका वाक्यापायी चांगली इंजिनं उघडली जातात, म्हणून हे लिहितो आहे.

नव्या इंजिनातही पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोच; झाकणातून दिसतो तो हाच. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्ल असतं. पूर्वी तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरकटाचा अभ्यास झाल्यावर कॅलिफोर्नियात १९६१ च्या सुमारास नव्या गाड्यांना एक छोटा व्हॉल्व्ह बसू लागला. तो हा वायू परत इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डकडे नेतो आणि इंजिन तो जाळून टाकतं. आपले मेकॅनिक त्याला ‘पीसीव्ही’ म्हणतात. हा तुंबला की वायू आत कोंडतो, सील आणि पॅकिंगमधून ऑइल बाहेर येतं, एअर फिल्टर तेलकट होतो. गाडी ‘ऑइल खाते’ असं वाटतं.

‘व्हॉल्व्ह हलवून बघा, खडखडला तर चांगला.’ हे अर्धंच खरं. आत स्प्रिंगवर सरकणारी दांडी असते. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त, तेव्हा दांडी वाट अरुंद करते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि स्प्रिंग वाट मोकळी करते. या प्रकारातला व्हॉल्व्ह खडखडत नसेल तर दांडी चिकटली आहे. पण खडखडला म्हणून स्प्रिंगमध्ये दम आहे, हे कळत नाही. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत दांडीऐवजी रबरी पडदा, तोही टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला. तो खडखडणार कुठून?

सुट्या व्हॉल्व्हची खरी तपासणी अशी. इंजिन आयडलिंगला ठेवा, मॅनिफोल्डकडे जाणारा पाईप तसाच जोडलेला ठेवून व्हॉल्व्ह रबरी बुशातून उपसा आणि तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं पाहिजे. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह फेकण्याआधी पाईप बघा. अनेकदा तोच काजळीने बुजलेला किंवा आतून चिकटलेला असतो. सैल बाह्या आणि ओढणी पंख्या-पट्ट्यापासून लांब ठेवा.

‘पेट्रोलने धुतला की नवा.’ धातूचा दांडीवाला व्हॉल्व्ह धुऊन काही दिवस चालतो, पण थकलेली स्प्रिंग धुऊन सुधारत नाही. रबरी पडदा तर अशा द्रवाने फुगतो. सुटा मिळणारा व्हॉल्व्ह बहुधा स्वस्त असतो; त्याच गाडीच्या पार्ट नंबरचा आणा, कारण प्रत्येक इंजिनाची वाट निराळी मोजलेली असते. कडक झालेला बुश सोबतच बदला.

‘पाईप काढून मोकळा सोडा, इंजिन श्वास घेईल.’ हा सल्ला सर्वांत वाईट. मॅनिफोल्डकडचं तोंड उघडं राहिलं तर न मोजलेली, न गाळलेली हवा आत जाते, आयडलिंग थरथरतं. उन्हाळ्यात नागपुरात किती धूळ उडते हे सांगायला नको. आणि तो विषारी वायू दवाखान्यांच्या गल्लीत सुटतो. भारत स्टेजच्या नियमांत क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगीच नाही.

डिसेंबरात झाकणाखाली पांढरट, सायीसारखा थर दिसला की लोक हेड गॅस्केटचं नाव घेतात. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती बहुतेकदा न उडालेली वाफ असते. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर गाडी एकदा वर्धा रोडने अर्धा-पाऊण तास चालवून आणा आणि व्हॉल्व्ह तपासा. कूलंट घटत असेल तर मात्र मेकॅनिककडे जायला उशीर करू नका.

व्हॉल्व्ह आणि पाईप दोन्ही ठीक, तरी झाकणातून जोरात धूर फेकला जात असेल, तर रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे. तेव्हा आधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या आणि मगच इंजिन उघडायला हो म्हणा.