कापूस गेला, चुकारा कधी?

कापूस घरातून गेला की पैसा घरात येतो, असं आपल्याला शहरात बसून वाटतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्या घरांतल्या बायकांना विचारून बघा. कापूस जाणं आणि चुकारा हाती पडणं यांच्यामध्ये कधीकधी अख्खी लग्नसराई निघून जायची!

ही गोष्ट आहे एकाधिकार कापूस खरेदी योजनेची. 1971 साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि 1972-73च्या हंगामापासून शेतकऱ्यानं आपला कापूस सरकारी योजनेलाच विकायचा, दुसऱ्या कुणाला नाही, असं ठरलं. कापसाच्या बाबतीत असा प्रयोग फक्त आपल्याच राज्यानं केला. हेतू चांगलाच होता. त्याआधी दिवाळीच्या तोंडावर कापूस बाजारात आला की व्यापारी भाव पाडायचे. वर वजनात कडता कापायचे, तो वेगळाच. एक बैलगाडी कापूस घेऊन आलेला माणूस घासाघीस तरी किती करणार? योजनेत भाव आधी जाहीर व्हायचा. गाठी विकून नफा झाला तर त्याचा तीन चतुर्थांश भाग बोनस म्हणून शेतकऱ्याला आणि उरलेला पुढच्या पडत्या काळासाठी निधीत, अशी व्यवस्था होती. एखादी शहाणी गृहिणी डब्यात चार पैसे टाकते, तसंच की हे!

पण डबा आपल्या हातात असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातात असणं वेगळं.

बायांच्या हिशेबानं पाहू. कापूस वेचतात बायका. सीतादही करून वेचणीला सुरुवात झाली की वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते आणि ती त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, रोख द्यावी लागते. तिला कुणी “हप्त्यानं देते” म्हणू शकत नाही. तिच्याही घरी चूल आहेच. इकडे संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा. नंबर लागेपर्यंत रात्र तिथेच काढायची, मग ग्रेडर प्रत ठरवणार. आलेल्या रकमेतून सोसायटीचं पीककर्ज परस्पर कापलं जायचं. पुढे भांडवल उभारणीसाठी म्हणून शंभरातले तीन रुपयेही कापले जाऊ लागले. म्हणजे कागदावर भाव चांगला, आणि घरात किराणा उधारीवर. मधले दिवस काढायला सावकार होताच, आणि त्याचं व्याज मात्र कुठल्याच हमीभावात धरलेलं नसायचं.

म्हणून मग अडलेला माणूस गावातल्याच व्यापाऱ्याला कमी भावानं, पण रोखीनं, चोरून कापूस द्यायचा. आणि बाहेर भाव चढला की तोच कापूस मध्य प्रदेश, आंध्र नाहीतर गुजरातच्या हद्दीत जायचा. आपण पिकवलेला माल राज्याबाहेर नेला तर गुन्हा, हे त्यांना पटायचं नाही. मलाही पटत नाही. बरं, भाव चढा असला की कापूस बाहेर आणि पडला की सगळा योजनेच्या दारात, असं झाल्यावर निधीत साठणार काय? 1990च्या दशकात राज्य सरकार केंद्राच्या आधारभूत किमतीहून जास्त भाव देत राहिलं, निवडणुकाही होत्याच, आणि तोटा हजारो कोटींच्या घरात गेला. 2002च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि एकाधिकार संपला.

योजना अगदीच वाईट होती, असं मात्र नाही. भाव आधी कळला की मुलीच्या लग्नाची, बियाण्याची बेरीज मांडता येते. खुल्या बाजारात ती सोय गेली. आज व्यापारी दारात येऊन कापूस मोजून नेतो, पण भाव त्याचा. सरकारी आधार हवा तर भारतीय कापूस महामंडळ आहे. 2025-26च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला 8110 रुपये ठरली. मात्र कापसात ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि बारावर गेला तर घेतच नाहीत. तेव्हा दव असताना वेचलेला कापूस तसाच गोणीत दाबू नका, उन्हात पसरा. काट्याची पावती तिथल्या तिथे मागून घ्या.

आणि सातबारा एकदा उघडून पाहा. हमीभावाची नोंदणी त्यावरूनच होते आणि पैसे थेट त्या नावाच्या बँक खात्यात जातात. पुष्कळ घरांत तिथे अजून सासऱ्यांचंच नाव असतं. शेतकरी संघटनेनं 1986 साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर काही वर्षांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, ती याचसाठी: जमिनीचा एक तुकडा तरी कारभारणीच्या नावावर करा. ज्यांनी तो केला, त्या घरांत त्या तुकड्याच्या कापसाचा चुकारा बाईच्या खात्यात जमा होऊ शकतो. नाव लावायचं असेल तर अर्ज तलाठ्याकडे करायचा, आणि तो पेरणीआधी केलेला बरा.